देवाचा शिणवटा आणि भक्ताचा शिणवटा



आषाढी यात्रेच्या दिवसांत पंढरपुरात देव झोपत नाही. दर्शनाची रांग रात्रंदिवस चालू राहावी म्हणून विठुरायाचा पलंग काढून ठेवतात, शेजारती बंद असते आणि देव अहोरात्र विटेवर उभा असतो. यात्रा सरली की प्रक्षाळपूजा होते. देवाला लिंबू-साखर लावून ऊन पाण्याने स्नान घालतात, नवा पोशाख करतात, नैवेद्य दाखवतात, रात्री औषधी काढा देतात आणि पलंग पुन्हा जागेवर येतो. इतके दिवस उभे राहून देवाला शिणवटा आला, तो उतरवायचा, एवढाच या पूजेचा अर्थ. पुराण सांगते की आषाढी एकादशीला देव चार महिन्यांसाठी निजतो. पंढरीची रीत सांगते की लेकरे दारात आहेत तोवर देव निजणार नाही, पण ती घरी गेली की त्याने विसावा घेतलाच पाहिजे.

ज्या संप्रदायाने देवालाही थकण्याची मोकळीक दिली, त्या संप्रदायात भक्ताला ती मोकळीक मिळते का, हा या लेखाचा प्रश्न आहे. शरीराच्या थकव्याविषयी आपण उदार आहोत. वारीत कोणाचे पाय सुजले तर दहाजण तेल घेऊन धावतात. पण मन थकले, उतरले, काही गोड लागेनासे झाले की आपली वाणी बदलते. ‘नाम कमी पडतंय.’ ‘माळ घालूनही रडता?’ ‘ज्याचा विठोबा आहे त्याला उदासी कसली?’ ही वाक्ये तुम्ही ऐकली असतील. कदाचित घरातल्या कोणाला प्रेमानेच म्हटलीही असतील. ती म्हणताना आपण संतांची साक्ष काढतो. म्हणून संतांचे ग्रंथ खरोखर तशी साक्ष देतात का, हे एकदा नीट तपासले पाहिजे.

आधी ज्याविषयी बोलतो आहोत ते दिवस डोळ्यांसमोर आणा. पुणेकर वारकऱ्याला ते वेगळे सांगायला नकोत. ज्येष्ठ वद्यात माउलींची पालखी भवानी पेठेतल्या पालखी विठोबा मंदिरात आणि तुकोबारायांची पालखी नाना पेठेतल्या निवडुंग्या विठोबा मंदिरात मुक्कामाला येते. दोन रात्री शहर जागे राहते. मग हडपसरला दोन वाटा फुटतात. माउली दिवेघाटाने सासवडला जातात, तुकोबा लोणी काळभोरला. पुढे सारी वाट पहाटे उठायचे, उघड्यावर चालायचे, पंगतीत जेवायचे, टाळाच्या ठेक्यावर पाऊल टाकायचे आणि अंग टेकताच झोपायचे. गोपाळपूरचा काला झाला की हे सगळे एका दिवसात सुटते. जाताना अठरा-एकोणीस दिवस लागलेले अंतर परतवारीत दहा-अकरा दिवसांत संपते, आणि पालखीबरोबर मूठभर माणसे उरतात. बाकीचे एसटीने, रेल्वेने, टेम्पोने घरी पोचलेले असतात.

घरी काय असते? धायरीची, कात्रजची, येरवड्याची एखादी खोली. आठ-आठ दिवस सूर्याचे दर्शन नाही. खडकवासल्यातून पाणी सोडले की मुठा फुगते, भिडे पूल पाण्याखाली जातो. कपडे वाळत नाहीत, गुडघे धरतात, सकाळचे फिरणे बंद पडते. मुले कामावर, नातवंडे शाळेत. कालपर्यंत हजारोंच्या घोषात असलेला माणूस दिवसभर खिडकीच्या काचेवरचे पाणी बघत बसतो. ज्यांना वारीला जाता आले नाही त्यांचे तर विचारूच नका. त्यांना पालखी पुढे गेल्याची हुरहुर आणि पावसाचा अंधार दोन्ही एकदमच सोसावे लागतात. आषाढ सरता सरता मन उतरते. हरिपाठाला बसवत नाही. बसलो तरी ओठ हलतात आणि मन कोरडे राहते.

यात शरीराचा भाग मोठा आहे. झोप-जाग, भूक, उत्साह यांचे घड्याळ डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावर चालते. ऋतूबरोबर येणाऱ्या आणि ऋतूबरोबर ओसरणाऱ्या औदासीन्याचे रीतसर वर्णन १९८४ साली अमेरिकेत नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. ते मुख्यतः उत्तरेकडच्या थंड देशांतल्या हिवाळ्याचे दुखणे आहे. डिसेंबरात लंडनचा दिवस आठ तासांच्या आत संपतो. तिथे राहणारी आपली मराठी मुले-सुना फोनवर ‘काहीच करावंसं वाटत नाही’ म्हणतात तेव्हा त्यामागे तो अंधारही असू शकतो. पुण्याचा सर्वांत लहान दिवसही अकरा तासांचा, त्यामुळे आपल्याकडे ते दुखणे तसेच्या तसे येत नाही. पण आपल्या पावसाळ्यात उजेड कमी होतो, चालणे थांबते, माणसे भेटेनाशी होतात आणि वारीत लागलेली पहाटेची शिस्त मोडते. चारही गोष्टी एकदम गेल्या तर मन खाली जाणे हे पाप नाही, आणि त्यावरून भक्ती मोजताही येत नाही.

आता ग्रंथांकडे वळू.

वारकऱ्याचा पहिला ग्रंथ ज्ञानेश्वरी, आणि ती ज्या गीतेवर उभी आहे तिच्या पहिल्या अध्यायाचे नाव अर्जुनविषादयोग. सातशे श्लोकांच्या ग्रंथाने आरंभी एक खचलेला माणूस उभा केला आणि त्याच्या खचण्यालाही ‘योग’ म्हटले. त्याची लक्षणे पाहा. गात्रे गळतात, तोंड कोरडे पडते, अंग कापते, हातातून गांडीव सुटते, उभे राहवत नाही, मन भोवंडते. व्यासांनी विषादाचे वर्णन शरीरापासून सुरू केले आहे.

यावर एक जाणता वाचक म्हणेल, ‘पण देवाने त्याला दटावले की! दुसऱ्या अध्यायाच्या आरंभीच हे दुबळेपण तुला शोभत नाही म्हणून सुनावले.’ खरे आहे, आणि आपल्या अनेक प्रवचनांत हेच दोन श्लोक उदास माणसाच्या अंगावर टाकले जातात. पण पुढे वाचा. दटावणी ऐकून अर्जुन उठला का? नाही उठला. त्याने उलट उत्तर दिले, आणि इंद्रिये सुकवणारा हा शोक कशाने जाईल हे मला दिसत नाही, अशी कबुली देऊन तो गप्प बसला. साक्षात देवाच्या दटावणीनेही विषाद गेला नाही, हे गीतेनेच नोंदवून ठेवले आहे. मग देवाने काय केले? सूर बदलला. जणू हसून त्याने बोलायला सुरुवात केली आणि अठराव्या अध्यायापर्यंत तो बोलत राहिला, प्रश्न घेत राहिला, आणि शेवटी सगळ्याचा विचार करून तुला वाटेल तसे कर म्हणाला. माउलींनी तर देवाच्या वरवर कठोर वाटणाऱ्या बोलण्याविषयी सांगताना आईच्या रागातल्या मायेची आणि औषधाच्या कडूपणामागच्या गुणाची उपमा दिली. म्हणजे दटावणी आपण उचलली आणि पुढचे सतरा अध्यायांचे सोबत बसणे सोडून दिले. हे वाचन अपुरे आहे. दोन श्लोक ऐकवून निघून जाणाऱ्याने श्रीकृष्णाचे अनुकरण केले, असे म्हणता येणार नाही.

दुसरे उदाहरण ताटीच्या अभंगांचे. परंपरा सांगते की लोकांच्या अपमानाने विटून ज्ञानदेव झोपडीची ताटी लावून आत बसले. दाराबाहेर उभी राहिली मुक्ताबाई, भावंडांत सर्वांत धाकटी. आपल्या कीर्तनांत हे अभंग बहुतेकदा क्रोध जिंकण्याचा उपदेश म्हणून सांगितले जातात. उपदेश त्यांत आहेच. संताने काय सोसावे, योग्याचे मन कसे असावे, हे मुक्ताई स्पष्ट सांगते. पण या अभंगांची घडण लक्षात घ्या. प्रत्येक अभंगाच्या शेवटी ती पुन्हा एकच विनवणी करते. एकदा सांगून ती जात नाही. दार मोडत नाही. आतल्याने आतूनच कडी काढायची आहे, आणि तोवर बाहेरच्याने उभे राहायचे आहे. मला या अभंगांचे मोठेपण जितके उपदेशात वाटते तितकेच या उभे राहण्यात वाटते. तेच शब्द दूर बसून, मोबाइलवर एक संदेश पाठवून ऐकवले तर ते कोरडे होतात. संताने सोसावे असे म्हणणारी बहीण पावसात दाराशी उभी असेल तरच ते ताटी उघडवतात. आणखी एक गोष्ट. ताटी लावून बसलेल्याची ज्ञानदेव ही ओळख मुक्ताई क्षणभरही काढून घेत नाही. तू कोण आहेस हे ती त्याला आठवण करून देते. तुझी योग्यता गेली, असे ती म्हणत नाही. आपण उदास वारकऱ्याला नेमके उलट सांगतो.

तिसरे उदाहरण तुकोबारायांचे, आणि इथे एका थोर अभ्यासकाशी थोडे भांडावे लागेल. गुरुदेव रा. द. रानडे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवत. त्यांचा ‘मिस्टिसिझम इन महाराष्ट्र’ हा ग्रंथ १९३३ साली पुण्यातून निघाला. तुकोबांच्या गाथेतले आर्त, निराश, देवावर रुसलेले, स्वतःला दोष देणारे अभंग त्यांनी एकत्र केले आणि त्या अवस्थेला आत्म्याची काळोखी रात्र म्हटले. ही कल्पना त्यांनी स्पेनमधील सोळाव्या शतकातले संत जॉन ऑफ द क्रॉस यांच्याकडून घेतली. रानड्यांचे उपकार मोठे आहेत. जे अभंग आपण कीर्तनात भरभर ओलांडून जातो, त्यांच्यापाशी ते थांबले. संत रडतो, संताला देव सापडेनासा होतो, आणि हे त्याच्या साधनेचाच भाग आहे, असे त्यांनी जगाच्या विद्वानांपुढे मांडले.

परंतु त्यांच्या मांडणीत एक क्रम आहे. आधी साधक, मग काळोखी रात्र, मग साक्षात्कार आणि आनंद. रात्र सरली, उजाडले, संपले. गाथा मात्र असा क्रम देत नाही. १८६९ ते १८७३ दरम्यान छापलेल्या इंदुप्रकाश प्रतीत साडेचार हजारांवर अभंग आहेत, आणि त्यांवर तिथी-वार नाही. आनंदाच्या अभंगाला खेटून आर्ततेचा अभंग येतो, त्यामागून पुन्हा निर्भर प्रसन्नता. दुःख आधी आणि सुख नंतर, ही ओळ अभ्यासकाने लावलेली आहे. तुकोबांच्या मनात ती रात्र एकदाच आली आणि पुन्हा कधीच आली नाही, असे गाथेच्या आधारे कोणालाही सांगता येत नाही.

हा वाद विद्वानांचा आहे, आपल्याला त्याचे काय, असे म्हणू नका. ज्याचे मन दरवर्षी श्रावणात उतरते त्याच्यासाठी हा जगण्याचा प्रश्न आहे. काळोखी रात्र एकदाच येते आणि खरा भक्त तिच्यातून कायमचा बाहेर पडतो, असे धरले, तर पुढच्या वर्षी ती पुन्हा आली की तो माणूस काय समजेल? मागच्या वर्षीचे उजाडणे खोटे होते. माझी भक्ती कच्ची होती. वीस वाऱ्या फुकट गेल्या. हा विचार मूळच्या उदासीपेक्षा जास्त घातक आहे. गाथा जशी आहे तशी, बिनक्रमाची वाचली तर वेगळे दिसते. ऋतू फिरून येतात तशी मनाची अवस्थाही फिरून येऊ शकते, आणि ती पुन्हा आली म्हणून मधला आनंद खोटा ठरत नाही. दरवर्षी पाऊस पडतो म्हणून वैशाखाचे ऊन पडलेच नव्हते, असे आपण म्हणतो का?

रानड्यांच्या मांडणीतला दुसरा धोका असा की प्रत्येक दुःख उंच वाटू लागते. तुकोबांच्या दुःखाला आधी जमिनीवरचे कारण होते. १६३०च्या सुमारास दख्खनमध्ये भयंकर दुष्काळ पडला. धंदा बुडाला. पहिली पत्नी रखमाबाई आणि मुलगा संतू गेला. उपासमारीने आलेल्या खिन्नतेला फक्त साधनेची पायरी म्हणणे हा त्या मेलेल्यांवरही अन्याय आहे. तसेच आज. मन उतरले म्हणजे प्रत्येक वेळी आत्म्याची रात्र असेलच असे नाही. कधी थायरॉइड मंदावलेले असते, कधी रक्त कमी असते. माळकरी शाकाहारी असतो; दूध-दही कमी पडले तर बी-१२ या जीवनसत्त्वाची उणीव होते, आणि तिच्यानेही थकवा, मुंग्या, विसराळूपणा, उदासपणा येतो. हे रक्ताच्या साध्या तपासणीत कळते. ज्याला गोळीची गरज आहे त्याला अध्यात्मातली उंच शब्दसंपदा देऊन घरी पाठवणे ही दया नव्हे.

आता संतकथांतला जो भाग आपण गोड म्हणून सांगतो पण गंभीरपणे घेत नाही, त्याकडे पाहा. तुकोबा भंडारा डोंगरावर एकांतात बसत. त्यांच्यामागे भाकरी घेऊन डोंगर कोण चढत असे? आवलीबाई. कीर्तनात तिला कजाग दाखवून हशा मिळवला जातो. पण कथा नीट ऐका. तिच्या पायात काटा रुतला तेव्हा तो काढायला विठ्ठल स्वतः आला, असे परंपरा सांगते. म्हणजे डोंगरावर नाम घेणाऱ्याइतकाच देव डोंगर चढणाऱ्या भाकरीपाशीही होता. एकांतात बुडालेल्या माणसाला वेळेवर जेवू घालणे, बोलणे खाऊनही रोज जाणे, हे आवलीचे काम ज्यांच्या घरी कोणी खचलेले आहे ते सगळे करत असतात. त्यांच्यासाठी कोणी सप्ताह घालत नाही. किमान त्यांना हसू तरी नये.

जनाबाईच्या अभंगांत तर देव दळायला हात लावतो, शेण वेचतो, तिचे केस धुऊन विंचरतो. दिवसभर दुसऱ्यांच्या घरी राबणाऱ्या बाईला स्वतःच्या केसांकडे पाहायलाही वेळ नाही, आणि देव येऊन तेच काम करतो! अभ्यासक याला सख्यभक्ती म्हणतात, ते ठीकच. पण त्यात एक सरळ अर्थही आहे. थकलेल्या देहाची निगा ही देवाला हलकी वाटलेली गोष्ट नाही. मन उतरलेल्या दिवसांत अंघोळ, केस, धुतलेले कपडे, वेळेवर घास, या गोष्टी सर्वांत आधी सुटतात. त्या दिवशी नुसते उठून केस विंचरलेत, माउली, तरी जनीच्या देवाला ते कळते.

कार्तिकाचाही एक प्रसंग सांगायला हवा. शके १२१८ च्या कार्तिक वद्य त्रयोदशीला ज्ञानदेवांनी आळंदीत समाधी घेतली. नामदेवांच्या नावावरच्या समाधी प्रकरणात त्या वियोगाने सगळे संत व्याकूळ होतात. गुरू असलेल्या निवृत्तिनाथांचाही बांध फुटतो. त्या प्रसंगाचे कीर्तन आजही नामदेवरायांचे वंशज आळंदीत करतात आणि हजारो माणसे उघडपणे रडतात. ज्या परंपरेने निवृत्तिनाथांचे अश्रू जपून ठेवले, तिच्यात तुमचे अश्रू लपवायचे कारण नाही.

मग चातुर्मासात काय करावे? गीतेच्या सहाव्या अध्यायात याचे उत्तर आहे. फार खाणाऱ्याला योग साधत नाही आणि अजिबात न खाणाऱ्यालाही नाही. फार झोपणाऱ्याला नाही आणि सतत जागणाऱ्यालाही नाही. आहार, विहार, कर्म, झोप, जाग सगळे मापात असेल तरच योग दुःख हरतो. माउली त्या मापाची बाजू घेतात. आपल्या चातुर्मासाच्या नेमांचे परीक्षण या मापाने करा. मन नाजूक झालेल्याला जागरण सोसत नाही. झोप मोडली की मन आणखी खाली जाते, आणि काहींच्या बाबतीत अनावर उसळतेही. त्याने एकादशीचा जागर अर्ध्या रात्री सोडून घरी जाऊन झोपावे, आणि विणेकऱ्याने त्याला त्यासाठी टोकू नये. वीणा एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जाते ती एवढ्यासाठीच, की भजन थांबू नये आणि माणूसही मोडू नये. निर्जळी उपवासाचेही तसेच. मधुमेहाच्या आणि काही मानसिक आजारांच्या गोळ्या चालू असताना अन्न-पाणी तोडणे धोक्याचे असते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते करू नये, आणि देवाचे नाव घेऊन गोळी तर मुळीच बंद करू नये.

वारीतले जे पुण्याच्या खोलीत आणता येईल तेवढे आणावे. पहाटे ठरल्या वेळी उठावे. पाऊस उघडला की अर्धा तास बाहेर पडावे. ढगाळ दिवशीही उघड्यावरचा उजेड घरातल्या दिव्याच्या कितीतरी पट असतो. पेठेतल्या किंवा वाडीतल्या विठ्ठल मंदिरापर्यंत चालत जावे. हरिपाठ शक्यतो चारचौघांत म्हणावा. आवाज फुटत नसेल तर टाळ धरावा, तोही उचलवत नसेल तर नुसते बसावे. दिंडीची वही चाळून, पंढरपूरहून आल्यापासून जो दिसला नाही त्याच्या घरी जावे. ‘का आला नाहीत?’ असे विचारू नये. ‘चहा करा, बसायला आलोय’ म्हणावे.

आणि हे सगळे करूनही दोन आठवड्यांहून अधिक काळ रोजचाच दिवस काळा जात असेल, झोप-भूक बिघडली असेल, कशातच रस उरला नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे. ससूनसारख्या सरकारी रुग्णालयातही तो विभाग आहे. भारत सरकारची ‘टेलिमानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र बोलायला असते, मराठीतही बोलता येते. जगणे नकोसे झाल्याचा विचार मनात आला, तर त्याच घटकेला जवळच्या माणसाला सांगावे आणि एकटे राहू नये. दुसऱ्याने तो बोलून दाखवला, तर उपदेश बाजूला ठेवून त्याच्याजवळ बसावे आणि त्याला डॉक्टरकडे न्यावे.

काहींना वाटेल, यात नामाची महती कमी झाली. ‘नाम सर्व रोगांवर औषध, मग डॉक्टर कशाला?’ हा आक्षेप श्रद्धेतून येतो, म्हणून त्याचा मान राखून उत्तर देतो. नामाला गोळी समजणे हीच नामाची हानी आहे. गोळीचा गुण आला नाही की आपण ती बदलतो. नामाचेही तसेच होऊ लागेल. अलीकडे वारीने ताण कमी होतो, टाळ्यांनी रक्ताभिसरण सुधारते, असे कौतुकाने लिहिले जाते. चालण्याचे, गाण्याचे, सोबतीचे फायदे आहेतच. पण विठोबा आपल्याला बरे वाटावे म्हणून विटेवर उभा नाही, आणि बरे वाटले नाही म्हणून तो खाली उतरलेलाही नाही. मन प्रसन्न असताना घेतलेले नाम गोड असते. मन कोरडे असताना ओठांवर आलेले नामही नामच असते, आणि त्यावर कोणी चव पाहून शिक्का मारत नाही. औषध देहाचे काम करते, नाम नात्याचे. तापात आपण क्रोसिन घेतो तेव्हा देवाला सोडतो का?

अशा वाचनाने संत लहान होत नाहीत. अर्जुनाजवळ बसलेला कृष्ण, दाराशी उभी मुक्ताई, डोंगर चढणारी आवली, जनीचे केस विंचरणारा विठ्ठल, या चौघांत एकही जण खचलेल्याला आधी भक्ती सिद्ध कर म्हणत नाही. ती अट आपण मागाहून घातली. ती काढून टाकली तर संप्रदायाचे काही जाणार नाही. उलट भजनात न दिसणारी काही माणसे परत दिसू लागतील.

कोजागरी झाली की गावोगावी काकडा सुरू होतो, आणि कार्तिकी एकादशीला देव जागा होतो. चार महिने तो निजला म्हणून कोणी त्याचे देवपण काढून घेतले नाही. तो आपल्या वेळेने उठतो, आणि आपण तोवर समई तेवत ठेवतो. यंदाच्या श्रावणात तुमचे किंवा तुमच्या शेजाऱ्याचे मन निजले असेल, तर त्यालाही तेवढी मुदत द्या. समईत तेल घालत राहा, आणि गरज वाटली तर काढाही द्या.

रामकृष्ण हरी.